पत्रिकेतले आकडे घरांचे नव्हेत, राशींचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातले साप्ताहिक राशिभविष्य अनेक घरांत अग्रलेखाच्याही आधी वाचले जाते. पण त्यातली ‘रास’ चंद्राची की रवीची, हे त्या रकान्यात कुठेच लिहिलेले नसते. ५ ऑगस्टला जन्मलेली व्यक्ती पाश्चात्त्य पद्धतीने स्वतःला सिंह राशीची समजते. आपल्या निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजणाऱ्या, पद्धतीने त्या दिवशी रवी कर्केत असतो. आणि आपण ‘माझी रास’ म्हणतो ती तर जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता ती. ती बारांपैकी कोणतीही असू शकते. एकाच माणसाच्या अशा तीन राशी निघतात आणि तो यातली कुठलीतरी एक धरून आपला रकाना वाचतो. पत्रिका समजून घेऊ पाहणाऱ्या नवशिक्याची पहिली ठेच इथेच लागते, म्हणून हे पत्र.

पत्रिकेत गणित आणि फलित अशा दोन गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या ठेवल्याशिवाय शिकता येत नाही. गणित म्हणजे अमुक क्षणी, अमुक ठिकाणाहून पाहिले असता आकाशात कोण कुठे होते. हे खगोलाचे काम आहे. ते बरोबर तरी असते किंवा चूक तरी. फलित परंपरेने चालत आलेले आहे आणि विज्ञानाच्या कसोटीवर ते उतरलेले नाही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन हुशार विद्यार्थ्याची कोणती आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची कोणती, हे ओळखायला सांगितले होते. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के भरली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जास्त नाही. शिकणाऱ्याने हे माहीत असू द्यावे. आमचे म्हणणे मात्र फलिताच्या अलीकडचे आहे. कुणाचा विश्वास असो वा नसो, मुळात चुकीच्या मांडलेल्या पत्रिकेवरून लग्ने मोडू नयेत. मांडणी बरोबर आहे का, हे त्रैराशिक येणाऱ्या कुणालाही घरी बसून तपासता येते.

प्रथम आकृती. आपल्याकडच्या पत्रिकेत एक चौकोन, त्याचे दोन कर्ण आणि बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषा असतात. यातून मधले चार मोठे चौकोन आणि कडेचे आठ त्रिकोण अशी बारा घरे होतात. वरचा मधला चौकोन हे पहिले घर, म्हणजे लग्नस्थान. लग्न म्हणजे इथे विवाह नव्हे, तर जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. तिथून डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजत जायचे: डावीकडचा वरचा त्रिकोण दुसरे घर, त्याखालचा तिसरे, डावा मधला चौकोन चौथे, तळाचा मधला सातवे, उजवा मधला दहावे. घरांच्या जागा कधीच बदलत नाहीत, म्हणून त्यांचे क्रमांक छापलेले नसतात. छापलेले असतात ते राशींचे: १ मेष, २ वृषभ, ३ मिथुन, ४ कर्क, ५ सिंह, ६ कन्या, ७ तूळ, ८ वृश्चिक, ९ धनू, १० मकर, ११ कुंभ, १२ मीन. ‘माझ्या सातव्या घरात रवी आहे’ असे म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा ७ हा आकडा पाहिलेला असतो. तो तुळेचा असतो आणि घर कोणतेही असू शकते. दक्षिणेकडच्या पत्रिकेत याच्या नेमके उलट असते. तिथे राशींच्या जागा ठरलेल्या, वरच्या डाव्या कोपऱ्यात मीन, तिच्या उजवीकडे मेष आणि पुढे घड्याळाच्या दिशेने. लग्नाच्या घरात तिरकी रेघ किंवा ‘ल’. पत्रिका कोणत्या पद्धतीची आहे हे पाहिल्याशिवाय वाचायला घेतली तर सगळेच उलटसुलट होते.

आता एक पत्रिका प्रत्यक्ष पाहू. जन्म १ जानेवारी २०००, संध्याकाळी ५ वाजून ३० मिनिटे, भारतीय प्रमाणवेळ; अक्षांश १८ अंश ३० कला (६० कला म्हणजे १ अंश) उत्तर, रेखांश ७५ अंश पूर्व. चित्रापक्षाचे अयनांश (पाश्चात्त्य आणि निरयन पद्धतींतले अंतर; त्याविषयी पुढे) घेतले तर लग्न मिथुन येते, साडेनऊ अंशांच्या आसपास. म्हणून वरच्या मधल्या चौकोनात ३ लिहायचे आणि डावीकडे क्रमाने ४, ५, ६ भरत जायचे. १२ नंतर पुन्हा १. मग ग्रह ज्याच्या त्याच्या राशीत मांडायचे. रवी आणि बुध धनूत, म्हणजे ९ आकड्याच्या घरात; मोजून पाहिले तर ते सातवे घर. चंद्र तुळेत, पाचव्या घरात. शुक्र वृश्चिकेत, सहाव्यात. मंगळ कुंभेत, नवव्यात. गुरू आणि शनी दोघेही मेषेत, अकराव्यात. शनी त्या दिवशी वक्री, म्हणजे उलट दिशेने सरकताना दिसणारा, होता, म्हणून त्याच्यापुढे ‘व’. राहू कर्केत दुसऱ्या घरात, केतू मकरेत आठव्यात. र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के ही अक्षरे ओळखू आली आणि हे मोजणे जमले की पत्रिका ‘दिसू’ लागते.

बहुतेक पत्रिकांत शेजारी राशिकुंडली म्हणून दुसरी आकृती असते. तिच्यात ग्रह त्याच राशींत असतात, फक्त मोजणी चंद्राच्या राशीपासून; वरच्या पत्रिकेसाठी तिच्या पहिल्या घरात ७ येईल. ही वेगळी पत्रिका नव्हे. नवशिका दोन्ही आकृत्या आलटून पालटून वाचतो आणि एकच ग्रह दोन घरांत सापडल्याने बावरतो.

तपासणीची पहिली पायरी रवीची आहे आणि ती सर्वात खात्रीची आहे. लग्न म्हणजे उगवत असलेली रास, हे वर आलेच. त्यामुळे सूर्योदयाला जन्म असेल तर रवी पहिल्या घरात किंवा अगदी त्याच्या कडेला हवा. सकाळ चढू लागली की बारावे-अकरावे, भर दुपारी दहावे, कलत्या दुपारी नववे-आठवे, सूर्यास्ताला सातवे, रात्री सहावे-पाचवे, मध्यरात्री चौथे, पहाटे तिसरे-दुसरे. एका घराची मागेपुढे सूट द्यावी, त्याहून जास्त नाही. वरच्या पत्रिकेत जन्म मावळतीच्या सुमाराचा आणि रवी सातव्यात, म्हणजे जमले. रवीची रासही तारखेवरून ताडता येते: हल्ली तो १४ एप्रिलच्या सुमारास मेषेत आणि १४-१५ जानेवारीला मकरेत जातो, एका राशीत साधारण महिनाभर राहतो. १ जानेवारीला तो धनूतच हवा.

ही एकच कसोटी सर्वात जास्त घडणारी चूक पकडते: संगणकात वेळ भरताना ‘एएम’ आणि ‘पीएम’ यांची अदलाबदल. वरच्याच जन्माला संध्याकाळऐवजी पहाटेचे ५.३० भरून पाहा. लग्न मिथुनेचे वृश्चिक होते आणि रवी दुसऱ्या घरात जातो. नोंद संध्याकाळच्या जन्माची आणि पत्रिकेत रवी दुसरा, असे दिसले की पुढे एक ओळही वाचू नये. या चुकीची किंमत किती ते पाहा. मंगळ कुंभेतच आहे, पण वृश्चिकेपासून मोजला तर तो चौथा येतो, आणि जिच्या पत्रिकेत लग्नापासून मंगळ नववा होता ती मुलगी एका कळीने ‘मंगळाची’ ठरते. रात्री बारानंतरच्या जन्मांना ही चूक फार होते, कारण १२.२० एएम म्हणजे रात्र हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्यात आणखी भर अशी की पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. सोमवारच्या रात्री दोन वाजता झालेला जन्म पंचांगाने सोमवारचा, दिनदर्शिकेने मंगळवारचा. वार खरा धरून तारीख आदल्या दिवसाची भरली की चंद्र तेरा-एक अंश मागे जातो, म्हणजे जवळजवळ एक अख्खे नक्षत्र.

रवीनंतर त्याच्या सोबत्यांकडे पाहावे. बुध रवीपासून २८ अंशांहून दूर कधीच जात नाही, म्हणून तो रवीच्या राशीत किंवा शेजारच्या राशीतच हवा. शुक्र ४७ अंशांहून दूर जात नाही; फार तर दोन राशी. राहू आणि केतू कायम समोरासमोर, सहा राशींच्या अंतराने. यातले काही मोडलेले दिसले तर उतरवून घेताना हात चुकलेला आहे. जुन्या, हाताने नकललेल्या पत्रिकांत हे नेहमी आढळते: ‘बु’ एका घराने सरकलेला, ‘के’ राहिलेलाच.

चंद्राची परीक्षा तिथीने होते. चंद्राच्या अंशांतून रवीचे अंश वजा करायचे (उणे आले तर ३६० मिळवायचे) आणि १२ ने भागायचे. आपल्या उदाहरणात चंद्र तुळेत १९ अंश २८ कला, म्हणजे मेषारंभापासून १९९ अंश २८ कला. रवी धनूत साधारण १६ अंश ३१ कला, म्हणजे २५६ अंश ३१ कला. वजाबाकीने ३०२ अंश ५७ कला येतात. १२ ने भागले तर २५ पूर्ण आणि वर थोडे. म्हणजे २६ वी तिथी चालू, पंधरा शुक्लपक्षातल्या वजा केल्या की कृष्ण एकादशी. पंचांगात त्या संध्याकाळी हीच तिथी हवी. आकडेमोड नको असेल तरी ढोबळ नजर पुरते: अमावास्येला रवी-चंद्र एकत्र, पौर्णिमेला समोरासमोर.

या चंद्रावरूनच नक्षत्र आणि महादशा (आयुष्याचे ग्रहांच्या नावे पाडलेले कालखंड) निघतात, आणि मिनिटांचा, कलांचा प्रश्न खरा इथे येतो. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे ८०० कलांचे. त्याचे चार चरण, प्रत्येकी २०० कला. स्वाती १८६ अंश ४० कलांपासून २०० अंशांपर्यंत असते. आपला चंद्र १९९ अंश २८ कलांवर, म्हणजे स्वातीच्या चौथ्या चरणात, नावाचे आद्याक्षर ‘ता’. नक्षत्राच्या फक्त ३२ कला उरल्या आहेत. स्वातीचा स्वामी राहू, विंशोत्तरीत, म्हणजे १२० वर्षांच्या दशापद्धतीत, त्याची १८ वर्षे. ३२ भागिले ८०० गुणिले १८, म्हणजे ०.७२ वर्ष: जन्मवेळी राहूची महादशा सुमारे ८ महिने २० दिवस शिल्लक. त्यापुढे गुरूची १६, शनीची १९, बुधाची १७, केतूची ७, शुक्राची २०, रवीची ६, चंद्राची १०, मंगळाची ७. सगळी मिळून १२०. पत्रिकेवर ‘भोग्य दशा’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो एवढ्याशा त्रैराशिकाने पडताळता येतो, आणि पडताळावाच. आधीची एएम-पीएमची चूक इथे लावून पाहा: बारा तासांत चंद्र सहा अंश मागे जातो, नक्षत्र स्वातीच राहते, पण राहूची शिल्लक आठ महिन्यांऐवजी पावणेनऊ वर्षांवर जाते. रास तीच, नक्षत्र तेच, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मात्र पुढच्या आयुष्यातली प्रत्येक दशा आठ वर्षांनी हुकलेली.

दोन ठिकाणी काढलेल्या पत्रिका जुळत नाहीत याचे कारण मात्र दरवेळी चूक नसते. अयनांश म्हणजे सायन (पाश्चात्त्य) आणि निरयन मेषारंभांतले अंतर. ते वर्षाला सुमारे ५० विकलांनी (६० विकला म्हणजे १ कला) वाढते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षाचे अयनांश स्वीकारले, तेच ‘लाहिरी’ नावाने संगणकात असतात. २००० सालच्या आरंभी ते २३ अंश ५१ कला होते. रैवतपक्षाचे, म्हणजे टिळक पंचांगाचे, अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. कमी अयनांश म्हणजे प्रत्येक ग्रह चार अंश पुढे. आपल्या उदाहरणातला चंद्र मग तुळेतच राहून स्वातीतून विशाखेत जातो आणि राहूच्या आठ महिन्यांऐवजी गुरूची जवळजवळ १२ वर्षे शिल्लक दिसतात. दोन्ही गणिते आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एकाची पत्रिका लाहिरीने आणि दुसऱ्याची रैवताने काढून गुणमेलन करण्यात. पत्रिकेच्या डोक्यावर अयनांश छापलेले नसतील तर काढून देणाऱ्याला विचारावे. विचारणे हा अवमान नव्हे.

वेळ किती अचूक हवी, हे काय वाचायचे त्यावर ठरते. चंद्ररास साधारण सव्वादोन दिवस टिकते. लग्न सरासरी दोन तास, अक्षांश आणि रास यांप्रमाणे थोडे कमी-जास्त. लग्नाचा एक अंश सुमारे चार मिनिटांत सरकतो. नवमांश हा राशीचा नववा भाग, ३ अंश २० कलांचा, म्हणजे लग्नाचा नवमांश तेरा-एक मिनिटांत बदलतो. आपल्या उदाहरणात लग्न साडेनऊ अंशांवर आणि दहाव्या अंशाला नवमांश पालटतो: खरी वेळ दोन मिनिटांनी पुढची निघाली तरी नवमांश लग्न धनूचे मकर होते. प्रसूतिगृहातल्या नोंदी पुष्कळदा पाच-पाच मिनिटांत पूर्णांक करून लिहिलेल्या असतात. ६.०० किंवा ६.३० अशी गोल वेळ दिसली की नवमांश लग्नावर भार टाकू नये. लग्नाचे अंश २९ किंवा ० असतील तर आधी लग्नरासच तपासावी.

संगणकात वेळेच्या आणखी दोन चुका होतात. भारताचा वेळफरक साडेपाच तास. काही प्रणालींत तो दशांशात, ५.५ असा भरायचा असतो. तिथे ५.३ भरले तर बारा मिनिटे चुकतात आणि लग्न तीन अंशांनी हलते. तसेच, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे भारतातली घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळातल्या नोंदीतून एक तास वजा करावा लागतो. सगळ्या प्रणाली तो आपोआप करत नाहीत. घरातल्या जुन्या पत्रिकेवर घड्याळाची वेळच नसून इष्ट घटी-पळे असतील तर घाबरू नये: ती सूर्योदयापासून मोजलेली असतात, एक घटी २४ मिनिटांची. २५ घटी ३० पळे म्हणजे सूर्योदयानंतर १० तास १२ मिनिटे.

इथपर्यंत मांडणी. पुढे वाचायला जाणाऱ्याने राशींचे स्वामी आणि दृष्टी एवढे पाठ करावे. मेष-वृश्चिक मंगळाच्या, वृषभ-तूळ शुक्राच्या, मिथुन-कन्या बुधाच्या, धनू-मीन गुरूच्या, मकर-कुंभ शनीच्या, कर्क चंद्राची, सिंह रवीची. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या घरावर पाहतो. मंगळ शिवाय चौथ्या-आठव्यावर, गुरू पाचव्या-नवव्यावर, शनी तिसऱ्या-दहाव्यावर. मोजताना ग्रह आहे ते घर ‘एक’ धरायचे. ते सोडून मोजल्याने प्रत्येक दृष्टी एका घराने चुकते.

मंगळाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लग्नापासून १, ४, ७, ८, १२ या घरांत मंगळ असला की ‘मंगळ आहे’ म्हणतात. बारांपैकी पाच घरे, म्हणजे शंभरातल्या साधारण चाळीसेक पत्रिकांना हा शिक्का लागणारच. काही जण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. उदाहरणातल्या पत्रिकेत मंगळ लग्नापासून नववा, चंद्रापासून पाचवा, पण शुक्रापासून चौथा. आता ही मुलगी मंगळाची की नाही? मोजणारा कुठून मोजतो यावर तिचे स्थळ अवलंबून राहावे, हे आम्हाला अत्यंत क्लेशदायक वाटते. कुणी ‘मंगळ आहे’ म्हटले तर एवढेच विचारावे: कशापासून, कितवा, आणि त्या घराच्या आरंभापासून किती अंशांवर? भावचलितात (घरांच्या सीमा राशींऐवजी लग्नाच्या अंशांवरून ठरवणाऱ्या आकृतीत) तो शेजारच्या घरात जात असेल तर तेही सांगायला लावावे. साडेसातीचेही असेच आहे. चंद्रराशीपासून बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या राशीत शनी असताना ती मोजतात. म्हणजे कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना ती असतेच. कुणा एकावर ओढवलेले ते संकट नव्हे.

संपादक महोदय, आपल्याकडे आमच्या तीन मागण्या आहेत. राशिभविष्याच्या रकान्यावर ‘चंद्रराशीनुसार’ किंवा ‘रवीराशीनुसार’ असे स्पष्ट छापावे. त्याच रकान्याखाली रविवारच्या सूर्योदयाचे नऊ ग्रहांचे राशी-अंश, कोणते अयनांश घेतले त्या उल्लेखासह, दोन ओळींत द्यावेत. जागा फार लागणार नाही, आणि वाचकाला आपल्या हाताने चौकोन भरून पाहता येईल. आणि स्थळांच्या जाहिरातींत ‘मंगळ आहे / नाही’ छापताना ते कशापासून मोजले आहे हे लिहिण्याची जाहिरातदारांना सक्ती करावी; जे लिहिणार नाहीत त्यांचा तो शब्द गाळावा.

आपले,
ज्योतिषगणिताचे काही अभ्यासक